हातांची विद्या
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



काशीस मराठी माणूस आला तो प्रायः विद्येसाठी आणि पुण्यासाठी. त्या परंपरेतील एका विद्यार्थ्याचे स्मरण मी आज करणार आहे. मार्च 1916 मध्ये विनायक नरहर भावे हा वीस वर्षांचा तरुण इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघाला आणि वाटेत सुरतेस उतरून या नगरीत आला. संस्कृताचे अध्ययन आणि ब्रह्मजिज्ञासा हा त्याचा हेतू. त्याच वर्षी 6 फेब्रुवारीस येथील हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त त्याच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी तो कोचरबच्या आश्रमात पोहोचला.

ब्रह्म शोधावयास निघालेल्या या तरुणाच्या हाती तेथे काय आले? भाजी चिरण्याचा चाकू, जाते, झाडू, कुदळ आणि पुढे चरखा व माग! विनोबांनी ही कामे उपनिषदांइतक्याच निष्ठेने आत्मसात केली. आपण 'सूत कातणे' असे सहज म्हणतो. परंतु कापूस वेचावा, सरकी काढावी, रुई पिंजावी, पेळू वळावे, तेव्हा कोठे धागा निघतो. 4 फुटांची एक तार आणि अशा 640 तारांची एक गुंडी. हे ज्ञान ग्रंथात सापडत नाही; ते बोटांत मुरावे लागते.

विनोबा भाबडे मात्र नव्हते. वर्ध्याजवळ नालवाडीस असताना त्यांनी केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला आणि कातणाऱ्याला मिळणारे मोल किती अपुरे आहे, हे स्वतःच्या पोटावर अनुभवले. ज्या श्रमाचा आपण गौरव करतो, त्यावर माणूस जगतो का, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. 1950 च्या आरंभी पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैशाची मदत घ्यावयाची नाही, बैलांवाचून कुदळीने शेती करावयाची, विहीर आपण खणावयाची, रहाटही माणसांनीच फिरवावयाचा. हे एकट्याचे काम नव्हते. स्वावलंबन म्हणजे एकलकोंडेपणा नव्हे. शेजाऱ्याच्या हाताला आपला हात लागल्यावाचून विहिरीचे पाणी वर येत नाही, हा त्याचा धडा आहे.

आपण गल्लीबोळांत राहणारी माणसे. कापूस कोठे पेरणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सर्वांनी शेती करावी असे माझे म्हणणे नाही. परंतु आपल्या घरांतील काय लोपत चालले आहे, याचा हिशेब तरी आपण मांडावा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, मेतकुटाची धान्ये बेताने भाजणे, सांडगे घालणे, पावसाळ्यापूर्वी धान्य वाळवून साठवणे. या विद्या आपल्या आज्यांनी देशावरून, कोकणातून गंगाकाठी आणल्या. त्यांच्याबरोबर त्या गेल्या, तर पैसा देऊन वस्तू मिळेल; विद्या मिळणार नाही. परमुलखात भाषा टिकते ती अशा कामांच्या शब्दांतूनही. गोधडीच गेली, तर 'धावदोरा' मुलांना कोण सांगणार?

भूदान-सर्वोदयाचे साहित्य ज्या राजघाटावरून देशभर गेले, तेथील सर्व सेवा संघाच्या वास्तू ऑगस्ट 2023 मध्ये पाडण्यात आल्या. वास्तू अशा जाऊ शकतात. हातात उतरलेली विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातात दिली, तर टिकते.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. महिन्यातील एका रविवारी दोन तास सभागृहात वडीलधाऱ्या मंडळींनी एकेक काम शिकवावे. शिकावयास मुलींइतकेच मुलगेही बसवावेत. सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग खरा. पण पुढील पन्नास वर्षांची शिदोरी बांधण्याचाही तोच प्रसंग आहे. ती आपल्या हातांनी बांधू या.