रोजची भाकर आणि बालकांचा मधुमेह
(ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा सोहळा हा ईश्वरी कृपेचे आभार मानण्याचा प्रसंग होय. अशा वेळी रोगाविषयी बोलणे कित्येकांस रुक्ष वाटेल. परंतु ज्या प्रभूने आपणांस रोजची भाकर मागावयास शिकविले, त्याच्या लेकरांनी त्या भाकरीत काय आहे हे जाणून घेणे अनुचित ठरणार नाही.

नृसिंहवाडी म्हटली की कृष्णा-पंचगंगेचा संगम व दत्तस्थान डोळ्यांपुढे उभे राहते. या नदीकाठच्या मुलखात खपली गहू पूर्वापार पिकतो, आणि त्याची खीर सर्व धर्मांच्या घरी शिजते. ‘खपली मधुमेह्यास चालते’ असे वडीलधारी मंडळी सांगतात. उलट ‘गव्हातील ग्लूटेनमुळेच मधुमेह जडतो’ असेही हल्ली कानी येते. ज्या घरात लहान मूल मधुमेहाने आजारी आहे, तेथील माउलीने यांपैकी काय खरे मानावे?

प्रथम ग्लूटेन म्हणजे काय ते पाहू. पुरणपोळीसाठी कणीक तिंबली की ती ताणली जाते, पण तुटत नाही. हा चिवटपणा ज्या प्रथिनांमुळे येतो, त्यांस ग्लूटेन म्हणतात. ती गव्हात असतात. जव व राय या धान्यांतही तशीच प्रथिने असतात. ज्वारीत ती नसतात, म्हणूनच ज्वारीचे पीठ गरम पाण्यात भिजवावे लागते आणि भाकरीच्या कडांस चिरा पडतात. खपली हाही गहूच होय. त्यात ग्लूटेन आहे, हे विसरता कामा नये.

आता मधुमेहाकडे वळू. प्रौढांत बहुधा आढळणारा मधुमेह निराळा व बालकांत बहुधा आढळणारा निराळा. आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारे रक्षक असतात. बालकांच्या या मधुमेहात हे रक्षक आप्तासच शत्रू समजतात आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करतात. मुलास अतोनात तहान लागते, लघवीस वारंवार होते, अंग झडते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तत्पूर्वी असे मूल सहसा वाचत नसे.

रक्षकांची अशीच चूक आतड्यांतही घडते. त्या रोगास सिलियाक म्हणतात. ग्लूटेनचे काही तुकडे पुरते पचत नाहीत. ज्यांची आनुवंशिक घडण तशी असते, त्यांचे रक्षक या तुकड्यांवर चवताळतात, आणि त्या झटापटीत लहान आतड्याचे अस्तर झिजते. हॉलंडचे बालवैद्य विलेम डिके यांनी १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाहिले की, पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुले सुधारली, व पाव पुन्हा आला तेव्हा ती पुन्हा खंगली. जी आनुवंशिक घडण सिलियाकास अनुकूल, तीच बऱ्याच अंशी बालमधुमेहासही अनुकूल असते. म्हणून दोन्ही रोग पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. निरनिराळ्या देशांच्या पाहण्यांत अशा मधुमेही मुलांपैकी शेकडा सुमारे सहांस सिलियाक आढळला आहे.

मग ग्लूटेनच मधुमेहाचे मूळ काय? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मधुमेहप्रवण उंदरांस ग्लूटेनविरहित अन्न दिले असता रोगाचे प्रमाण शेकडा ६४ वरून १५ वर आले. परंतु माणूस म्हणजे उंदीर नव्हे. जर्मनीत १५० धोकाप्रवण बालकांपैकी काहींस सहाव्या महिन्यानंतर व काहींस वर्षानंतर ग्लूटेन देऊन पाहिले. २०११ साली निष्कर्ष निघाला की उशिरा दिल्याने लाभ झाला नाही. डेन्मार्कमध्ये ६७,००० हून अधिक गर्भारपणांच्या पाहणीत, २०१८ साली, गरोदरपणी फार ग्लूटेन खाणाऱ्या मातांच्या मुलांत धोका सुमारे दुप्पट दिसला. उलट नॉर्वेच्या २०२० च्या पाहणीत मातेच्या आहाराशी संबंध दिसला नाही. दीड वर्षाच्या मुलाच्या आहाराशी मात्र दिसला. साक्षीदार परस्परविरोधी बोलत असता न्यायाधीश घाईने शिक्षा सुनावीत नाही. गव्हावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही.

तेव्हा कर्तव्य काय? निरोगी मुलाच्या ताटातील पोळी भयाने काढून घेऊ नये. बालमधुमेह झाला असता इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये. गहू सोडल्याने त्याची गरज संपत नाही. अशा मुलाचे रक्त सिलियाकसाठी रोगनिदानाच्या वेळी, व पुढे दोन आणि पाच वर्षांनी तपासून घ्यावे. पोट फुगणे, जुलाब, उंची खुंटणे, रक्त कमी होणे, साखर अकारण उतरणे ही चिन्हे दिसल्यास तर विलंब करूच नये. मात्र तपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास रोग असूनही तो चाचणीत लपतो. आणि रोग निश्चित झाला, तर गहू पूर्ण व जन्मभर वर्ज्य, खपलीची खीरसुद्धा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व मका ही धान्ये आपल्या घरी आहेतच; दळण मात्र गव्हाच्या पिठाची भेसळ होणार नाही असे वेगळे करावे.

शेवटी एक नाजूक प्रश्न. पहिल्या पवित्र कम्युनियनची सर्व मुले तयार होत असता, गहू वर्ज्य असलेल्या मुलाने वेदीपाशी काय करावे? पवित्र मिस्सेची भाकर गव्हाचीच असावी हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००३ साली कळविले, व २०१७ साली रोमहून पुन्हा सांगण्यात आले, की ग्लूटेन मुळीच नसलेली भाकर वैध नाही. परंतु अत्यल्प ग्लूटेनची गव्हाची भाकर वैध आहे. तीही ज्यास सोसत नाही, त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घ्यावे. त्या एका रूपातही संपूर्ण ख्रिस्त असतो. आईबापांनी संकोच न धरता आधीच धर्मगुरूंस भेटावे, म्हणजे महागुरूंच्या अनुमतीने व्यवस्था होईल. ज्या प्याल्यात भाकरीचा कण पडला नाही असा निराळा प्याला लागतो, एवढेच. आणि आपण इतरांनी त्या मुलाकडे कुतूहलाने टक लावू नये.

प्रभूच्या मेजावर सर्वांस जागा आहे. आपल्या घरच्या व पॅरिशच्या पंगतीतही अशा लेकरास ती मिळो, हीच या ज्युबिलीच्या दिवशी माझी प्रार्थना.