वकीलपत्र ते पीडीएफ

सर्वोच्च न्यायालयाने ई-फायलिंग सुरू केलं २००६ साली. तरी ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात, काटोल रोडवरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत, वकील-पक्षकारांच्या मदतीला ‘न्याय कौशल’ हे देशातलं पहिलं ई-संसाधन केंद्र उघडावं लागलं. उद्घाटक नागपूरचेच, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे. सर्वोच्च न्यायालयापासून जिल्हा न्यायालयापर्यंतची प्रकरणं इथून ऑनलाइन दाखल करता यावीत, हा हेतू.

एवढा उशीर का? सगळा दोष वकिलांच्या माथी मारू नका. वकीलपत्रावर अशिलाची सही घ्यायची, तिकीट चिकटवायचं, मग तोच कागद स्कॅन करून पीडीएफ करायची. आणि साइट अडकली तर? मुदत थोडीच थांबते! म्हणून कारकून आजही छापील संच बगलेत ठेवूनच निघतो.