न दिसणाऱ्या थराचा खर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



जमाखर्चाकडे वळण्यापूर्वी आमच्याच एका आदेशाचा खुलासा करणे अगत्याचे वाटते. निर्धन रुग्ण निधीतून होणाऱ्या खुब्याच्या शस्त्रक्रियांत सिमेंटने बसविण्याचा, कमी दराचा सांधाच वापरावा, असे आम्ही लेखी कळविले होते. आम्ही वाणिज्य शाखेचे. किमान दराच्या निविदेवर सही करण्याची सवय हातात मुरलेली. अस्थिशल्यविशारदांनी तो कागद परत पाठविला.

महाग सांध्याच्या टिटॅनियमच्या दांड्यावर प्लाझ्माच्या साहाय्याने एक थर दिलेला असतो. प्लाझ्मा म्हटले की आम्हांस रक्तपेढीतील पिवळसर द्रवच आठवे! हा प्लाझ्मा वेगळा. विद्युत्‌ज्योतीत वायूचे विघटन होऊन दहा हजार अंशांहून अधिक तापमान निर्माण होते. त्या झोतात हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या हायड्रॉक्सिॲपटाइटची भुकटी सोडतात. तिचे अर्धवट वितळलेले कण धातूवर वेगाने आदळून चिकटतात. थर कागदाच्या जाडीइतकाच, परंतु हाड त्याला थेट जडते. सिमेंटची गरज उरत नाही. लंडनचे शल्यविशारद रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असे सांधे बसविण्यास प्रारंभ केला.

अर्थात, अधिक किंमत म्हणजे प्रत्येकासाठी अधिक हित, असे नव्हे. वृद्ध, ठिसूळ हाडांच्या रुग्णास सिमेंटचा सांधा उत्तम साथ देतो. परंतु पस्तिशीतील हमालास पुढे कित्येक वर्षे चालावयाचे असते. निवड हाडावरून व्हावी, खिशावरून नव्हे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले. आदेश मागे घेतला आहे.

खरेदीची रीतही बदलली. भुकटी प्रमाणाबाहेर तापली तर तिची स्फटिकरचना बिघडते, थर शरीरात लवकर विरघळतो. चिकटण्यात कसर राहिली तर तो सुटतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. म्हणून केवळ दर न पाहता प्रत्येक गटाचे चाचणी प्रमाणपत्र मागविले जाते, आणि सांध्याचा गट क्रमांक रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदविला जातो. आप्तजनांनी तो कागद जपून ठेवावा.

राहिला पैशाचा प्रश्न. एकूण देयकांच्या २ टक्के रकमेतून उभा राहणारा निर्धन रुग्ण निधी या फरकास पुरत नाही. ती तूट यंदा सर्वसाधारण देणग्यांतून भागविली असून, पुढील वर्षासाठी स्वतंत्र सांधा निधीचा ठराव आजच्या विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर आहे.