अंगठ्याच्या रेघा आणि गणिताची चाळण



मजुराची सही म्हणजे अंगठा. हजेरीपटांतच आमची हयात गेली; म्हणून आजचा विषय गणिताचा असला, तरी तो आम्ही अंगठ्यावरूनच मांडणार आहोत.

यंत्र अंगठ्याचे चित्र टिपते ते ठिपक्याठिपक्यांनी. इंचाला ५०० ठिपके धरले, तर एका चौरस इंचात अडीच लाख ठिपके होतात, आणि प्रत्येकाच्या काळेपणाचा एक आकडा. कोट्यवधी माणसांच्या दहा-दहा बोटांचे एवढे आकडे ठेवायचे कोठे? तेव्हा चित्र आटवणे आले.

त्याची युक्ती घरातल्या चाळणीसारखी आहे. शेजारचे दोन ठिपके घ्या. एक १२०, दुसरा १२४. त्यांची सरासरी १२२ आणि सरासरीपासूनचे अंतर २. एवढे जपले की मूळचे दोन्ही आकडे परत मिळतात. साऱ्या सरासऱ्या म्हणजे चित्राची भरड. सारी अंतरे म्हणजे बारीक तपशिलाचे पीठ. भरड पुन्हा चाळावी, पुन्हा चाळावी. असे चित्राचे पट्टे पडतात. पिठातले बहुतेक आकडे शून्याच्या आसपास असतात. ते शून्यच मानले की जागा वाचते. आधारपत्रावरील क्यूआर चौकटीत छायाचित्र मावते ते याच जातीच्या, ‘जेपेग २०००’ नावाच्या पद्धतीने.

पण कोणते पीठ टाकायचे, हे गणित ठरवीत नाही, माणूस ठरवतो. जुनी जेपेग पद्धत चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडी. फार आटवले, की चौकोनांच्या कडांवर बोटांच्या रेघा तुटत. म्हणून अमेरिकेच्या एफबीआय या पोलीस खात्याने १९९३ साली ठशांसाठी निराळी पद्धत ठरवली. तीत चित्राचे ६४ पट्टे पडतात, रेघांचे पट्टे जपले जातात, आणि तरीही चित्र सुमारे पंधरापट आटते. बोटे बदला, असे कोणी म्हटले नाही, पद्धत बदलली.

आता आपल्या रत्नागिरीकडे या. जांभ्याचे चिरे उचलणारा, काजूच्या तेलाने बोटे भाजून घेणारी, कोळंबी सोलणारी, यांच्या बोटांवरच्या रेघा यंत्रापाशी येण्याआधीच कामाने झिजवलेल्या असतात. तिथे गणिताचा दोष नाही. जे टिपलेच गेले नाही, ते कोणतीही चाळण परत देणार नाही. पण ठसा जुळला नाही म्हणून रेशनच्या दुकानातून माघारी धाडणे, हा मात्र माणसाचा दोष आहे. ठसा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. दुकानात आपल्या पुढे उभ्या असलेल्या बाईचे बोट यंत्राने तीनदा नाकारले, तर रांगेत कुरकुरू नका. तिच्या बाजूने उभे राहा आणि त्या आदेशाची आठवण दुकानदाराला द्या. तिच्या रेघा आपल्याच ताटातल्या कोळंबीपायी झिजल्या असतील.