दोन मुक्कामांमधले दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकाच्या बाजूला असते. व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच खेप. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा बोलण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. विषय असा आहे की आपण बायका तो एकमेकींच्या कानातसुद्धा बोलत नाही. मी आज मोठ्याने बोलणार आहे. घरी यांना आणि सासूबाईंना सांगून आले आहे.

आमचे हे लांब पल्ल्याच्या ट्रकवर होते. महिना-सव्वा महिन्याने घरी येणार, दोन-तीन दिवस राहणार आणि पुन्हा गाडीवर जाणार. वीस वर्षे संसार असाच चालला. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आले ते गप्प गप्पच. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, "मंडळींनाही घेऊन या, औषध दोघांनी घ्यायचे आहे." तेथे मला कळायचे ते कळले. चार दिवस मी चूल पेटवली, भाकरी थापल्या, पण यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्या दिवसांविषयी अधिक सांगत नाही. ज्यांच्यावर तशी वेळ आली असेल त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्यावर आली नाही त्यांच्यावर ती न येवो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोघे सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रावर गेलो. तेथे एच.आय.व्ही.ची तपासणी विनामूल्य होते. आपली संमती घेतल्यावरच रक्त काढतात आणि निकाल गुप्त ठेवतात. 2017 साली केलेल्या कायद्यानेच तसे बंधन आहे. आमचा दोघांचाही निकाल निर्दोष आला. मात्र नुकतीच झालेली लागण तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. तोही निकाल चांगला आला.

हे म्हणाले, "पुन्हा तसे होणार नाही." मी विश्वास ठेवला, पण अर्धाच. खोटे कशाला बोलू?

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती निरोध वापरण्याची. ते स्वस्त आणि सोपे, आणि इतर गुप्तरोगांपासूनही बचाव होतो. पण माझे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन धाकट्याच्या वेळीच झालेले. "आता मूल होणार नाही, मग निरोध कशाला?" हे यांचे उत्तर. शुद्धीत असतील तेव्हा ऐकत, थोडी घेतली असेल तर ऐकत नसत. सगळा भार दुसऱ्याच्या मर्जीवर! हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुमच्या हातात राहील असा एक उपाय आहे. डॉक्टरांना विचारा."

तो उपाय म्हणजे रोज एक गोळी. निरोगी माणसाने एच.आय.व्ही. होऊ नये म्हणून घ्यायची. तिला प्रेप म्हणतात. तीत दोन औषधे एकत्र असतात. अमेरिकेत तिला 2012 साली मान्यता मिळाली आणि 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांना मोठा धोका आहे त्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. ती आपल्या देशातही तयार होते. मला ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पदरचे पैसे घालून आणावी लागली.

पैशाचे नाव निघाले तेव्हा मी तुमच्यासारखाच हिशेब केला. मी डॉक्टरांना विचारले, "हे वर्षातून तीस-पस्तीस दिवसच घरी असतात. तेवढ्याच दिवशी गोळी घेतली तर चालेल का? बाकीचे दिवस उगीच कशाला?"

त्यांनी जे उत्तर दिले ते मी नीट लक्षात ठेवले आहे. तुम्हीही ठेवा. पुरुषांसाठी तशी एक थोड्या गोळ्यांची पद्धत आहे. संबंधाआधी दोन ते चोवीस तासांत दोन गोळ्या, नंतर चोवीस तासांनी एक आणि आणखी चोवीस तासांनी एक. पण ती पद्धत बायकांसाठी नाही. आपल्या अंगात, जेथे रक्षण व्हायला हवे तेथे, हे औषध सावकाश आणि कमी साठते. म्हणून बाईने निदान सात दिवस आधीपासून रोज गोळी घ्यायची, मुक्काम असेल तितके दिवस घ्यायची आणि शेवटच्या संबंधानंतरही सात दिवस घ्यायची. काही डॉक्टर आधीचे तीन आठवडे धरतात. मधून मधून चुकवूनही चालत नाही.

घरी आल्यावर मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. मुक्काम तीन दिवसांचा. आधीचे सात आणि नंतरचे सात मिळून सतरा दिवस. पस्तीस दिवसांनी फेरी धरली तर निम्म्या गोळ्या वाचतात. मला बरे वाटले. मग मागच्या वर्षी हे कोणत्या तारखांना आले त्या आठवून खुणा केल्या. एकदा बावीस दिवसांनी आले होते, एकदा पन्नास दिवसांनी. आणि निरोप केव्हा? "उद्या रात्री पोचतो, मटण आणून ठेव." सात दिवस आधी मला कोण कळवणार? ज्यांच्या नवऱ्याची रजा ठरलेली असते, गणपतीला येतो आणि शिमग्याला येतो, त्या बाईचा हिशेब निराळा होईल. तिला डॉक्टरांना विचारून आधी सुरू करता येईल आणि नंतर थांबवताही येईल. माझ्या कॅलेंडरावर तसा भरवसा नव्हता. म्हणून मी ठरवले, हे या मार्गावर आहेत तोवर गोळी रोज घ्यायची. घरी असोत वा नसोत.

सुरू करण्याआधी पुन्हा एच.आय.व्ही.ची तपासणी झाली, कारण आजार आधीच असेल तर ही गोळी पुरी पडत नाही. मूत्रपिंडाची आणि एका प्रकारच्या काविळीचीही तपासणी केली. ती कावीळ अंगात असेल आणि गोळी एकाएकी थांबवली तर यकृताला त्रास होतो. पहिले दोन-तीन आठवडे मला मळमळले, डोके दुखले, मग थांबले. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागे.

आता माझी चूक सांगते. मी ती बाटली तांदळाच्या डब्यात लपवली. घरात पाहुणे असले की डबा उघडता येईना. एका महिन्यात चार गोळ्या राहिल्या. समुपदेशक बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी आफ्रिकेतली हकिकत सांगितली. तेथे 2009 ते 2012 या काळात तीन देशांतल्या सुमारे 5,000 स्त्रियांवर प्रतिबंधक औषधांचा प्रयोग झाला. गोळ्यांचा काही उपयोग दिसेना. रक्त तपासले तेव्हा कळले की, ज्यांना गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या दर दहा नमुन्यांपैकी सुमारे तिनांतच औषध सापडत होते. पुष्कळजणी गोळ्या घरी नेत, पण घेत नसत. कुणाला नवऱ्याची भीती, कुणाला शेजाऱ्यांची. त्याच सुमारास केनिया आणि युगांडात, जोडप्यातील एकाला आजार आहे हे दोघांनाही ठाऊक असलेल्या घरांत तशीच गोळी दिली, तेव्हा लागण 75 टक्क्यांनी कमी झाली. गोळीत फरक नव्हता, फरक होता तो लपवण्यात आणि उघड असण्यात.

मी घरी आले आणि यांना फोनवर सांगितले. हे म्हणाले, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही." मी म्हटले, "तुम्ही दरवर्षी गाडीचा विमा भरता, तो अपघात करायचा म्हणून भरता का?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "घे."

सासूबाईंना त्याआधीच बाटली सापडली होती. मला तोच आजार झाला असे त्यांना वाटले आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मी शेजारी बसून सगळे सांगितले. लेकाविषयी ऐकणे त्यांना सोपे गेले नाही. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या रात्री ताटे उचलताना मात्र त्यांनी विचारले, "गोळी घेतलीस का?" त्यानंतर बाटली देवळीत उघड्यावर राहिली आणि माझी एकही गोळी चुकली नाही.

चौदा महिन्यांनी यांनी लांबचा मार्ग सोडून गावातच दुधाचा टेम्पो धरला. आम्ही दोघांनी तपासणी केली, तीन महिन्यांनी पुन्हा केली आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने मी गोळी थांबवली. उद्या परिस्थिती पालटली तर पुन्हा तपासणी करून पुन्हा सुरू करीन. ही गोळी जन्माची नाही. धोका आहे तोवरची आहे.

भगिनींनो, प्रत्येकीने ही गोळी घ्यावी असे मी म्हणत नाही. नवऱ्याला आजार असून तो नेमाने औषध घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर त्याच्यापासून बायकोला लागण होत नाही. तेथे गोळीची गरज नसते. कुणाला निरोधच पुरतो. धोक्याचा प्रसंग घडूनच गेला असेल, तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठावा. जितके लवकर तितके बरे. तेथे 28 दिवसांचे निराळे औषध असते. आता सहा महिन्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शनही निघाले आहे. दक्षिण आफ्रिका व युगांडात ते घेणाऱ्या 2,000 हून अधिक स्त्रियांत एकीलाही लागण झाली नाही, असे 2024 साली जाहीर झाले. आणि एक ध्यानात असू द्या, प्रेपने इतर गुप्तरोग टळत नाहीत आणि गर्भही टळत नाही.

माझे मागणे एवढेच की, हा निर्णय लाजेवर सोडू नका आणि नुसत्या विश्वासावरही सोडू नका. कॅलेंडर घ्या, तपासणी करा, डॉक्टरांना विचारा. 1097 या क्रमांकावर फोन केला तर पैसे न पडता माहिती मिळते. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर मंगळवारी दुपारी मी रिकामी असते. कुठे, कशाला, हे न विचारता बरोबर येईन.