मुलाखतीला काय घालून जावे?



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय मध्येच काढले? कपड्यांवर काय बोलायचे? पण विषय लहान नाही. ह्या विषयापायी आपल्या वर्गातल्या एका घरात चूल दोन वेळा थंड राहिली. तीच गोष्ट आधी सांगतो.

आपल्या वर्गात एक मावशी येतात. त्यांचे नाव आम्ही सांगणार नाही. त्यांचा मुलगा बारावी शिकला. तालुक्याजवळच्या एका कारखान्यात गोदामात कारकुनाची जागा निघाली. मुलाने अर्ज केला. मुलाखतीला बोलावणे आले. घरात आनंद झाला. मुलाने चुलतभावाचा सदरा मागून आणला. तो दोन बोटे मोठा होता. बूट मित्राचे, ते पायाला लागत होते. सकाळची एस.टी. पकडून पोरगा गेला. दुपारी परत आला. म्हणाला, "आई, ती जागा आधीच भरली."

आठ दिवसांनी खरे काय ते कळले. मावशी डोळ्यांत पाणी आणून आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, माझं पोरगं फाटकापातूर गेलं अन् तिथनंच माघारी आलं. बाकीची पोरं कशी झाक दिसत होती म्हणं. ह्याला लाज वाटली."

मंडळी, ह्या मुलाला प्रश्नच कोणी विचारले नाहीत. त्याचे शिक्षण कमी पडले नाही. लाजेने त्याला फाटकातून परत फिरवले.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. शेजारच्या गावात एका बापाने मुलाच्या मुलाखतीसाठी कर्ज काढले. कोट शिवला, टाय आणला. मे महिन्यातले ऊन. पोरगा कोटात घामाने निथळत बसला. विचारलेले त्याला नीट ऐकूही येईना. नोकरी मिळाली नाही. कर्ज मात्र राहिले. याला म्हणतात ऋण काढून सण करणे.

एकाने कपड्याला भिऊन पाठ फिरवली. दुसरा कपड्याच्या मागे धावला. दोघांचीही चूक झाली. मग बरोबर काय? ते आज आपण पाहू.

आधी हे समजून घेऊ की मुलाखत घेणारा काय पाहतो. त्याला तुमचे घर माहीत नाही. तुमची शेती किती, हे त्याला ठाऊक नाही. तो मनात एवढेच विचारतो, हा माणूस वेळेवर येईल का? काम नीटनेटके करील का? चार माणसांशी नीट वागेल का? कपड्याने त्याला सांगायचे, की मी काळजी घेऊन आलो आहे. एवढे सांगून झाले की कपड्याचे काम संपले. मग तुमच्या तोंडातल्या उत्तरांचे काम सुरू होते. कपडा असा असावा, की पाच मिनिटांनी तो कोणाच्या ध्यानातही राहू नये.

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, त्या दहा नुरांतले नऊ स्वच्छतेचे आहेत. गाडगेबाबा आठवा. अंगावर ठिगळांचा कपडा, पण हातात खराटा. गाव झाडून स्वच्छ केल्याशिवाय ते कीर्तनाला उभे राहत नसत. आणि १९२७ साल आठवा. त्या वर्षी डिसेंबरात महाडला परिषद झाली. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी मुद्दाम बोलले. तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून कोणी तुम्हाला हलके ठरवू नये, असे नेसा, असे त्यांनी सांगितले. लुगड्याला ठिगळ असले तरी चालेल, पण लुगडे स्वच्छ असावे, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे बघा, कपडा ही श्रीमंतीची गोष्ट नव्हे. ती मानाची गोष्ट आहे.

आता कामाचे बोलू.

बोलावण्याचे पत्र आधी नीट वाचा. आता पुष्कळदा ते मोबाईलवर येते. तुम्ही वाचायला शिकला आहात, तर मुलाचे पत्र तुम्हीही वाचा. तारीख कोणती, वेळ कोणती, कागद कोणते आणायचे? कधी त्यात कपड्यांबद्दलही लिहिलेले असते. 'फॉर्मल' लिहिले असेल तर साधा सदरा, गडद पँट आणि बंद बूट. 'बिझनेस कॅजुअल' लिहिले असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की कोट-टाय नको, पण घरचे कपडेही नकोत. सदरा, पँट, बूट तेच चालतात. मुलींना साडी किंवा पंजाबी ड्रेस चालतो.

पुरुषांनी फिक्या रंगाचा साधा सदरा घालावा. पांढरा किंवा फिका निळा उत्तम. पँट गडद असावी. निळी, काळी किंवा राखी. सदरा पँटीत खोचावा आणि वर पट्टा लावावा. चित्रे आणि अक्षरे छापलेला टी-शर्ट नको. फाटकी जीन्स आजकाल दुकानात नवीच मिळते, तीही नको. गॉगल घरी ठेवावा.

स्त्रियांनी ज्या कपड्यात रोज नीट चालता-बसता येते, तोच घालावा. सुती साडी साध्या काठाची असावी. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणीला पिना लावाव्या. केस बांधलेले असावे. हातात किणकिणणाऱ्या बांगड्या कमी असाव्या. चप्पल पायाला धरून राहणारी हवी. अंगणवाडीत किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात कामासाठी जाणाऱ्या बाईने घरचे स्वच्छ लुगडे नेसले तरी पुरे. नऊवारीची सवय असलेल्या बाईने त्या दिवशी मुद्दाम पाचवारी नेसू नये. सारे लक्ष निऱ्या सांभाळण्यात जाते.

आता तुम्ही विचाराल, पैसे कोठून आणायचे? पैसे मोजण्याआधी ट्रंक उघडा. लग्नकार्यात घातलेला एखादा सदरा तेथे निघतो. नाही निघाला तर मामा, काका, थोरला भाऊ यांना विचारा. मागून घ्यायला लाज नाही. पण घेतलेला कपडा अंगाला बसतो का, ते आठ दिवस आधी पाहा. सैल असेल तर शिंप्याकडून आत घ्या. देणाऱ्याला विचारून, बरं का! त्यानंतर आठवड्याचा बाजार. तेथे जुन्या कपड्यांचे ढीग असतात. बोहारणी दारोदार भांडी देऊन जुने कपडे घेतात. ते धुऊन, सांधून पुन्हा विकायला येतात. त्यांत चांगली पँट पुष्कळदा मिळते. घेताना ती उजेडात धरा. गुडघा आणि बैठक विरली आहे का पाहा. साखळी दोनदा वरखाली करा. घरी आणून आधी गरम पाण्यात धुवा.

नवे कापड घ्यायचे तर सदऱ्याचेच घ्या. कारण समोरच्याची नजर आधी गळपट्टीवर जाते. छत्तीस इंची पन्ह्याचे कापड असेल तर पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्याला सुमारे सव्वादोन मीटर लागते. पन्हा मोठा, अठ्ठावन्न इंची असेल तर दीड-पावणेदोन मीटरमध्ये भागते. शुद्ध सूत घाम टिपते, पण चुरगळते. मिश्र कापड चुरगळत नाही आणि रात्रीत वाळते. लांबून एस.टी.ने जायचे असेल तर मिश्र कापड सोयीचे. कापड कोणते ते ओळखायला काठाचा एक धागा जाळून पाहा. सुताची कागदासारखी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. रंग पक्का आहे का, तेही पाहा. पांढरे फडके ओले करून कापडावर घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड नको.

शिंप्याला तीन गोष्टी सांगा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. गळपट्टी लावल्यावर आत दोन बोटे जावी. शिवणीत माया ठेवावी, म्हणजे पुढे अंग भरले तर सदरा उसवून मोठा करता येतो.

आता त्या मावशींकडे परत येऊ. चार महिन्यांनी त्यांच्या मुलाला दुसरे बोलावणे आले. या वेळी मावशी म्हणाल्या, "आता मी बघते." त्यांनी वही घेतली आणि स्वतःच्या हाताने हिशेब मांडला. त्यांच्या जन्मातला तो पहिला लिहिलेला हिशेब. तो असा होता:

सदऱ्याचे कापड, सव्वादोन मीटर, दर १२० रुपये: २७० रुपये
सदऱ्याची शिलाई: ३०० रुपये
मामाची पँट कमरेत आत घेणे: ८० रुपये
पट्टा: १५० रुपये
मोजे: ४० रुपये
बुटाचे पॉलिश, ब्रश आणि नाड्या: ८० रुपये
एकूण: ९२० रुपये

बूट मुलाचे शाळेतलेच होते. काळे होते, पण धूळ खात पडले होते. पॉलिश केल्यावर ओळखू येईनात. तुमच्या बाजारातले भाव वेगळे असतील. पण हिशेब आधी कागदावर मांडला, म्हणजे दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. अंथरूण किती आहे ते दिसते, मग पाय तेवढेच पसरतात.

कपडे झाले. आता धुण्याकडे वळू. सदरा दोन दिवस आधी धुवा. गळपट्टीला आणि बाह्यांच्या टोकांना साबण लावून अर्धा तास ठेवा आणि मग हलक्या हाताने घासा. पांढऱ्याला थोडी नीळ द्या. जास्त दिली तर डाग पडतात. सुती कापडाला भाताच्या पेजेची पातळ खळ दिली की ते ताठ राहते. रंगीत कापड उलटे करून सावलीत वाळवा.

इस्त्री घरात नसेल, किंवा नेमकी त्या रात्री वीज गेली, तर काय करायचे? आपल्या आयाबाया करीत तेच. पितळेच्या तांब्यात निखारे घाला. तांब्याचे बूड स्वच्छ पुसून कपड्यावर फिरवा. आधी जुन्या फडक्यावर फिरवून पाहा. हात फडक्याने धरा आणि लेकरांना दूर ठेवा. मिश्र कापडावर थेट फिरवू नका, ते वितळते. मध्ये ओलसर पातळ फडके ठेवा. हेही नको असेल तर पँट घडीवर घडी ठेवून रात्रभर गादीखाली ठेवा. सकाळी घडी सरळ बसलेली असते.

रात्रीच सगळी बटणे ओढून पाहा. सैल असेल ते शिवा. सुई-दोरा कागदात गुंडाळून खिशात ठेवा.

मुलाखतीच्या दिवशी अंघोळ करा. नखे कापा. दाढी नीट करा. केसांना तेल थोडेच लावा, ते कपाळावर ओघळू नये. तंबाखू, पान, गुटखा त्या दिवशी नको. खरे तर कोणत्याच दिवशी नको! कितीही पांढरा सदरा असला तरी लाल दात लपत नाहीत. खिशात धुतलेला रुमाल ठेवा.

आणखी एक युक्ती. एस.टी.त धूळ असते, गर्दी असते. चांगला सदरा पिशवीत घडी करून न्या. जुन्या सदऱ्यात प्रवास करा. तालुक्याला स्टँडवर उतरून तोंड धुवा आणि मग कपडे बदला. पावसाळ्यात कागद आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. अर्धा तास आधी पोहोचा.

एवढे करूनही शेजारी भारी कपड्यांतला मुलगा बसेल. बसू दे. त्याच्याकडे पाहून आपली मान खाली घालू नका. कोणी विचारल्याशिवाय "आमची परिस्थिती गरिबीची आहे" असे सांगू नका. गरिबी हा गुन्हा नव्हे. मग माफी कशाची मागायची? नमस्कार करा, बसा म्हटल्यावर बसा, विचारले तेवढे सरळ सांगा. येत नसेल तर "येत नाही, पण शिकेन" असे म्हणा.

मावशींच्या मुलाचे पुढे काय झाले, हे ऐकायला तुम्ही थांबला आहात. दुसऱ्या मुलाखतीत त्याला नोकरी मिळाली नाही. पण तो फाटकातून आत गेला. प्रश्नांना उत्तरे दिली. घरी येऊन आईला खरे सांगितले, "आई, दोन प्रश्न चुकले." त्या रात्री घरात सगळे जेवले. त्याने ते दोन प्रश्न शिकून घेतले. तिसऱ्या मुलाखतीला तो तोच सदरा धुऊन, तोच पट्टा लावून गेला. ती जागा त्याला मिळाली. पहिल्या पगारातून त्याने मामाला नवी पँट घेतली.

तेव्हा मंडळी, ९२० रुपयांनी नोकरी विकत मिळाली नाही, हे ध्यानात घ्या. त्या पैशांनी एकच काम केले. पोराच्या मनातली लाज काढली. बाकीचे त्याने स्वतः केले.

उद्या वर्गाला येताना एक काम करून या. घरातली ट्रंक उघडा. काय आहे, काय सांधायचे आहे, काय आणावे लागेल, हे वहीत लिहा. खाली बेरीज करा. बोलावणे कधी येईल ते सांगता येत नाही. आपली तयारी असावी.

एवढे सांगून आम्ही थांबतो. रामराम!