उत्तरायुष्यातील निवास आणि शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस दिलेला विषय ऐकताच आमच्या कुटुंबाने विचारले, "संमेलनाच्या मंगल दिवशी वृद्धाश्रमाच्या गोष्टी कशाला?" आपल्यापैकी अनेकांच्या मनातही हाच प्रश्न असेल. वृद्धाश्रम म्हटले की कोणा मुलाने आईबापांना टाकले, एवढाच अर्थ आपण घेतो. त्यामुळे ज्यास अशा निवासाची खरोखर गरज आहे तो संकोचाने गप्प बसतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १९९८ साली आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. तेव्हा आमच्या वर्गात बसणारी मुले आज सुरत, नाशिक, पुणे येथे संसार करीत आहेत. ती कृतघ्न नाहीत. दिवाळीस आणि सारंगखेड्याच्या यात्रेस येतात, पैसे पाठवितात, आईबापांस सुरतेस नेतातही. परंतु मुलगा-सून कामावर गेल्यावर सहाव्या मजल्यावर बंद दाराआड दिवस काढणे म्हातारपणी मानवत नाही. मंडळी महिन्या-दोन महिन्यांत परततात, ती येथल्या रिकाम्या घरात. रात्री छातीत दुखले तर हाक कोणास मारावयाची?

आजच्या सोयी सर्व एका जातीच्या नाहीत. निराधारांसाठीचे वृद्धाश्रम वेगळे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम उभारण्याची तरतूद आहे. पैसे देऊन राहण्याचे निवास वेगळे. आणि पुण्याच्या 'अथश्री'सारख्या वसाहती त्याहून वेगळ्या. तेथे ज्येष्ठांनी स्वतःच्या सदनिकेत स्वतःचा संसार करावयाचा, घराची किल्ली आपल्याच कनवटीस ठेवावयाची, आणि जेवणाची व सोबतीची सोय आवारातच मिळवावयाची. यात लाज वाटण्याजोगे आम्हांस काही दिसत नाही. खर्च मात्र मोठा आहे, आणि शेतीवर किंवा लहानशा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास तो झेपणारा नाही.

परंतु इमारत पाहून भुलू नये. आमचे एक जुने सहाध्यापक दुसऱ्या शहरातील एका सशुल्क निवासात राहावयास गेले. बाग होती, वाचनालय होते, सायंकाळी भजन होत असे. दीड वर्षाने ते न्हाणीघरात घसरले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र निवासाच्या चालकांनी मुलास कळविले की अंथरुणास खिळलेल्या माणसास आम्ही ठेवीत नाही, पंधरा दिवसांत घेऊन जावे. नियमावलीत तसे लिहिलेही होते. कोणी वाचले नव्हते. ज्या दिवशी माणसास खरा आधार हवा, त्याच दिवशी त्यास आपले अंथरूण गुंडाळावे लागले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, कोणत्याही निवासात पैसे भरण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा : आम्ही उठू शकलो नाही तर काय? अंघोळ घालणारे, कूस बदलणारे माणूस मिळेल काय, त्याचे वेगळे किती पडतील, स्मृतिभ्रंश झाल्यास ठेवाल काय, आणि अनामत परत किती मिळेल? उत्तर तोंडी घेऊ नये. घरांच्या बांधणीपुरती 'महारेरा'ने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली केली आहे. रुंद दारे, चाकांच्या खुर्चीसाठी उतार, न्हाणीघरात धरावयास दांडे, न घसरणारी फरशी, या गोष्टी तीत आहेत. त्या आपल्या राहत्या घरातही थोड्या खर्चात करून घेता येतात, आणि सहाध्यापकांच्या अनुभवानंतर आम्ही आमच्या न्हाणीघरात त्या केल्या आहेत.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. 'नटसम्राट' नाटक रंगभूमीवर आले १९७० साली, आणि आपण सर्वांनी डोळे पुसले. तरीही जमीन मुलांच्या नावे करून मोकळे होण्याची घाई आपल्यात आहेच. २००७ च्या त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. नुसत्या विश्वासावर केलेला दस्त पुढे कामास येईलच असे नाही. निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, व दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते. हे आम्ही भांडण लावण्यासाठी सांगत नाही. कागद नीट असला म्हणजे सुनेशी बोलणेही मोकळेपणाने होते, असा आमचा अनुभव आहे.

आता आपल्या मंडळाविषयी. आपल्या कार्यालयाच्या मागील दोन खोल्या लग्नसराई सोडल्यास वर्षभर बंद असतात. तेथे दिवसा ज्येष्ठांनी बसावे, दुपारी एकत्र जेवावे, आणि शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या दोन मुलींना मंडळाने वेतन देऊन नेमावे. ज्याच्या घरी कोणी खाटेवर असेल त्याच्याकडे त्यांनी पाळीने जावे. परगावच्या मुलांनी त्यासाठी दरमहा वर्गणी पाठवावी; नुसते पैसे आईच्या खात्यात टाकण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतील. वसाहत बांधण्याचा विचार पुढे होईल, आधी हे तरी चालवून पाहू.

नावे नोंदविण्याची वही चिटणीसांच्या टेबलावर ठेवली आहे. पहिली दोन नावे आमची आहेत. आमच्या कुटुंबाने संमती दिली, पण एका अटीवर : दुपारच्या जेवणात कळण्याची भाकरी असली पाहिजे.